सोलापूरचे चार दिवस, त्यातली एक रात्र बिनलाईटीची

पहिला दिवस, शुक्रवार

‘वीज नसती तर...’ हा निबंध मी सातवीत लिहिला होता. यंदा माझ्या लेकीला सुट्टीचा प्रकल्प म्हणून तोच आला. तिने वीस मिनिटांत उरकला. ‘वीज नसती तर आपले जीवन अंधकारमय झाले असते’ हे वाक्य त्यात होतं. माझ्याही वहीत होतं, बहुधा माझ्या आईच्याही. तिच्या बाईंनी खाली लाल शाईत शेरा मारला : ‘स्वतः बघून लिही.’

आता नसलेली वस्तू बघायची कुठे? मला एकच पत्ता सुचला. सोलापूरला माझे मामा आहेत. सगळी नोकरी लाईनमनची, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. आणि बार्शी रस्त्याला, नान्नजच्या पुढे, आमच्या आजोळी आजी आहे. वय अठ्ठ्याऐंशी. तिचं लग्न, बाळंतपणं, सगळं बिनलाईटीचं झालेलं. फोनवर बेत सांगितला तर मामा हसले. “मे महिन्यात? पंख्याबिगर? ये की. निबंध लिहायला पोरगी शिल्लक राहिली म्हणजे झालं.”

पुण्याहून संध्याकाळची गाडी धरली. माझ्या लहानपणी या मार्गावर डिझेलचं इंजिन असायचं आणि खिडकीत बसलं की तोंडावर काळं यायचं. मुंबईहून पुण्यापर्यंत १९३० साली दख्खनची राणी विजेच्या इंजिनावर धावत आली. पुण्याच्या पुढे सोलापूरपर्यंत ती तार यायला त्यानंतर नव्वदेक वर्षं गेली. सोलापूरकरांना यात नवल वाटत नाही. सगळंच उशिरा येतं, फक्त उन्हाळा वेळेवर, असं ते स्वतःच म्हणतात.

उतरलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते, तरी फलाटाची फरशी चपलेतून लागत होती. घरी मामींनी शेंगाची चटणी, दही आणि कडक भाकरी पुढे ठेवली. तीन पंखे, एक कूलर, सगळं चालू. लेक कूलरसमोरून हलेना. तिला म्हटलं, घे, साठवून घे.

दुसरा दिवस, शनिवार

सकाळी मामी म्हणाल्या, आज पाण्याचा दिवस आहे, लवकर उरका. इथे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. दारात पिंप, न्हाणीत पिंप, गच्चीवर टाकी. “तिकडं पंपावर लाईट गेली की आमचा पाण्याचा दिवस पुढं सरकतो. हे लिहा तुमच्या निबंधात.” लिहिलं.

मग मामांनी लेकीचा ताबा घेतला. गच्चीच्या दारात बसवलं, तिच्याच केसांत प्लॅस्टिकचा कंगवा खसाखसा फिरवला आणि वर्तमानपत्राच्या कपट्यांवर धरला. सोलापूरच्या कोरड्या हवेत कपटे टुणकन उडाले. ग्रीक लोकांना हेच अंबर घासल्यावर दिसलं होतं. अंबर म्हणजे झाडाचा चीक जमिनीत गाडला जाऊन दगडासारखा झालेला. ग्रीक भाषेत त्याला इलेक्ट्रॉन म्हणत. इसवी सनापूर्वी ६०० च्या आसपास थेल्सच्या नावावर ही गोष्ट सांगतात. त्या अंबरावरून या खेचण्याला नाव दिलं ते विल्यम गिल्बर्टने, १६०० साली. म्हणजे मधली दोन हजारांहून जास्त वर्षं माणसाच्या हातात वीज होती आणि तिच्याकडून कपटे उचलून घेण्यापलीकडे फारसं काही करून घेतलं नाही.

‘विजेचा शोध कोणी लावला?’ हा प्रश्न परीक्षेत चार पर्यायांसकट येतो, तेव्हा मला नेहमी त्या पेपर काढणाऱ्याची कीव येते. कुठला पर्याय बरोबर धरणार?

मामांचा दुसरा प्रयोग लिंबांचा. चार लिंबं, त्यांत तांब्याच्या तारेचे तुकडे, जस्ताचा मुलामा दिलेले खिळे, आणि जुन्या खेळण्यातला इवलासा लाल दिवा. लागला. म्हणजे पणती विझताना असते तेवढा लाल ठिपका दिसला, तोही ओंजळीचा आडोसा केल्यावर. व्होल्टाने १८०० साली याच तत्त्वावर चवड रचली : तांबं, जस्त, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेलं कापड, पुन्हा तांबं, पुन्हा जस्त. गॅल्व्हानी म्हणत होता की बेडकाच्या पायात वीज असते. व्होल्टा म्हणाला, पायात नाही, त्याला लावलेल्या दोन धातूंत आहे. त्या भांडणातून बॅटरी निघाली. आमच्याकडे भांडण वेगळं झालं. मामी बाहेर येऊन म्हणाल्या, “दहा रुपयाला एक लिंबू आहे सध्या. चाळीस रुपयांत एवढाच उजेड?”

तिसऱ्या प्रयोगासाठी मामांनी माळ्यावरून स्वतःची जुनी सायकल काढली. मागच्या चाकाला डायनामो. सायकल उलटी करून सीटवर उभी केली आणि पायडल लेकीच्या हातात दिलं. आधी दिव्याची वायर सोडवून फिरवायला लावलं. चाक भिंगरीसारखं फिरलं. “आता मी वायर जोडतो. तू तसंच फिरव.”

दिवा लागला आणि लेक ओरडली, “आबा, जड झालं!”

“झालं ना? तोच लोड.”

मायकल फॅरडेने १८३१ साली हे दाखवलं. लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकलेला. त्याच्या आधी अकरा वर्षं, कोपनहेगनमध्ये अर्स्टेडला दिसलं होतं की वीज वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते. फॅरडेने तो प्रश्न उलटा केला. विजेने चुंबक हलतं, तर चुंबक हलवून वीज का होऊ नये? होते. पण हलवत राहावं लागतं. थांबलात की संपली. सायकलच्या डायनामोपासून कोयनेपर्यंत मूळ तत्त्व हेच.

“लोक म्हणतात, बटण दाबलं की लाईट येते,” मामा सायकल उतरवत म्हणाले. “येत नाही. बटण दाबलं की तिकडं कुणाला तरी जड जातं.”

हे वाक्य मी तिथल्या तिथे फोनमध्ये टिपून ठेवलं. पुढचे दोन दिवस ते माझ्या डोक्यातून गेलं नाही.

अकराच्या सुमारास पूर्व भागात गेलो. तिथल्या गल्ल्यांतून चालताना मराठी हळूहळू तेलुगूत मिसळत जाते आणि कुठल्याही दारामागून यंत्रमागाची खटाखट येते. मामांच्या ओळखीच्या एका अण्णांचा कारखाना म्हणजे पत्र्याखाली आठ माग, निम्मे चादरीचे, निम्मे टॉवेलचे. आत शिरलं की बोलणं बंद, फक्त खुणा. धोटा या टोकाकडून त्या टोकाला जाताना दिसतच नाही, त्याचा आवाज तेवढा दिसतो म्हटलं तरी चालेल. वर जकार्ड, आणि त्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ सरकत होती. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला नाही, आणि खाली चादरीत मोर उमटतो. हे यंत्र फ्रान्समध्ये जकार्ड नावाच्या माणसाने १८०४ साली सादर केलं, तेव्हा कुठल्याही कारखान्यात वीज नव्हती. संगणकाला भोकांच्या पुठ्ठ्यांवर हिशेब शिकवणं त्याच्या कितीतरी पुढचं. लेकीला हे सांगायला मी तोंड उघडलं आणि लाईट गेली.

असा सन्नाटा मी कधी ऐकला नव्हता. आपल्या एकट्याचा कारखाना नव्हे, पुढची गल्ली, मागची गल्ली, सगळं एका ठोक्यात गप्प. मग खोकला ऐकू आला, कुणाचा तरी फोन ऐकू आला, लांबचा कोंबडासुद्धा. कामगार घाम पुसत बाहेर आले आणि चहाच्या टपरीकडे वळले. मजुरी नगावर असते. माग थांबला की पैसा थांबला, त्यामुळे कुणी ‘बरं झालं, विश्रांती’ म्हणेना.

समोरच्या घरात मात्र काहीच थांबलं नव्हतं. एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. लाईट गेल्यावर त्या फक्त दोन हात पुढे, उंबऱ्यावर सरकल्या. पान कापणं, तंबाखू भरणं, वळणं, दोरा बांधणं. बोटं त्याच चालीत. गल्लीतला एवढा एकच कारखाना चालू राहिला.

अण्णांचे वडील गिरणीत होते. १८७० च्या दशकात इथे कापडाची पहिली गिरणी उभी राहिली, तिला सोलापूर अजून जुनी मिल म्हणतं. वाफेचं इंजिन एक, छताखालून गेलेला लांबच लांब दांडा, आणि त्यावरून एकेका यंत्राला उतरलेला चामडी पट्टा. वडील सांगायचे ते अण्णांनी सांगितलं : एकाने माग जोडला तर दांड्याला कळायचं. मामांनी माझ्याकडे बघितलं. सकाळचं वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं नाही, पण चेहऱ्यावर लिहिलं होतं.

चाळीस मिनिटांनी लाईट आली. संध्याकाळी भुईकोट किल्ला, सिद्धेश्वरांचं दर्शन, तळ्याकाठी भेळ. तळ्यात दिव्यांची रांग छान दिसत होती, पण दिवसभराच्या उन्हाने आम्ही इतके वाळलो होतो की छान म्हणायचंही त्राण नव्हतं.

तिसरा दिवस, रविवार

पहाटे पाचला निघालो आणि सहाला गावात. आजीचं घर जुन्या पद्धतीचं, मातीचं, वर माळवद, म्हणजे मातीचंच सपाट छप्पर. मामा चप्पल काढायच्या आधी मीटरच्या बोर्डाकडे गेले, किटकॅट, म्हणजे फ्यूज, उपसला आणि शर्टाच्या खिशात टाकला. “उद्या सकाळी सहाला परत. तोवर कुणी मागायचा नाही.”

आजी म्हणाली, “खुळी का रे तुम्ही?”

पहिलं काम पाणी. बोअरची मोटार बंद, म्हणून वाड्यामागच्या आडाकडे गेलो. आडाला पाणी होतं, पण खोल, आणि रहाटाचं लाकूड कधीच चुलीत गेलेलं. मामांनी दोर आणून बादली बांधली. दोन घागरी भरायला लेकीला आणि मला पाऊण तास लागला. त्यातली अर्धी बादली प्रत्येक वेळी काठावर सांडायची. आजी ओट्यावरून ओरडत होती, “कंबरेतनं नगं, हातानं वड! हातानं!”

दुसरं काम दळण. कोपऱ्यात पोत्याखाली जातं होतं, ते झाडून पुसून मांडलं. मालदांडी ज्वारी. आजीने खुंटा ठोकून बघितला, लेकीला समोर बसवलं आणि एक मूठ वैरण, म्हणजे दळायचे दाणे, घातली. दोघींच्या हातांनी जातं घरघरलं. लेकीला मजा वाटली, चेव आला, आणि तिने तीन-चार मुठी एकदम ओतल्या. जातं अडलं.

“जास्त वैरण घातली की जड जातंय,” आजी म्हणाली. “दमानं.”

लेकीने मान वर करून मामांकडे बघितलं. “लोड,” ती म्हणाली. मामा खिशावर हात ठेवून खो खो हसले.

एका वेळच्या भाकरीचं पीठ पडायला आम्हाला तास गेला. आजीच्या सासरी घर बारा माणसांचं होतं. पहाटे तीनला जातं सुरू व्हायचं, कारण नंतर पाणी, मग शेत. जावा-जावा समोरासमोर बसायच्या, झोप येऊ नये म्हणून ओव्या. ओव्यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय आणि ते गोडही आहे; पण आजी गायला बसली नाही. तिने दोन्ही तळवे उघडून दाखवले. करंगळीखाली घट्टे अजून आहेत, इतक्या वर्षांनंतर.

मी विचारलं, गावात लाईट आली तेव्हा काय वाटलं? मला वाटलं, पहिल्या बल्बची गोष्ट सांगेल. ती म्हणाली, “बलाचं काय घिऊन बसलीस. गिरणी आली तवा देव आला वाटलं.” गिरणी म्हणजे पिठाची. आधी ती शेजारच्या मोठ्या गावात, तेलाच्या इंजिनावर. डोक्यावर पायली घेऊन दीड कोस जायचं. मग लाईट आली आणि गिरणी वेशीशी आली. तीन वाजता उठायचं बंद झालं. “पयल्या दिवशी मी पाचपतुर निजले. सासू म्हणली, मेली का काय.”

दुपार लिहिण्यासारखी नाही. बेचाळीस असेल. माळवदाचं घर पत्र्यापेक्षा गार, तरी हवा हलेना. आजीने वेताचा विंझणा काढून दिला. वारा घ्यायला हात हलवायचा, आणि हात हलवला की घाम येतो. जेवढा वारा तेवढाच घाम, हिशेब बरोबरीत. माठातलं पाणी तेवढं सुखाचं होतं. लेकीचा फोन दीडला बंद पडला. अर्धा तास तिची चिडचिड झाली, मग ती जमिनीवर पालथी झोपली, ती चारपर्यंत.

उतरत्या उन्हात मामांनी माळावर नेलं. नान्नजचा माळ म्हणजे माळढोकाचं अभयारण्य. माळढोक आम्हाला दिसला नाही. हल्ली फारसा कुणाला दिसतच नाही. गवताच्या त्या पिवळ्या अथांगात सगळ्यात उंच वस्तू म्हणजे लांबवरचे विजेचे मनोरे. माळढोक जड पक्षी, डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. समोरची बारीक तार त्याला वेळेवर दिसत नाही आणि दिसली तरी एवढं धूड झटकन वळवता येत नाही. राजस्थान-गुजरातेत तारांना धडकून ते इतके मेले की प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मामा बराच वेळ त्या तारांकडे बघत होते. आयुष्यभर तार तुटू नये म्हणून धावलेला माणूस. म्हणाले, “आपण कधी वर बघून हा विचारच केला नाही.”

पश्चिमेला काळं भरून आलं. घरी पोचेपर्यंत वारा सुटला, धुळीने आभाळ तांबडं झालं आणि वळीव आला. ओसरीत बसलो. कडकडाट झाला की लेक कानांवर हात ठेवून मोजायची : चमक आणि आवाज यात तीन सेकंद गेले तर वीज साधारण किलोमीटरभर लांब. सहा, पाच, चार. मग एकदा मोजायला वेळच मिळाला नाही.

वीज. आपल्या भाषेत आभाळातली आणि तारेतली एकच. बेंजामिन फ्रँकलिनला ते १७५२ साली पतंग उडवून दाखवावं लागलं, आणि खरं तर त्याच्याही महिनाभर आधी फ्रान्समध्ये त्याच्याच कल्पनेप्रमाणे उंच लोखंडी दांडा उभारून ढगातून ठिणगी उतरवली होती. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गला रिखमान नावाचा शास्त्रज्ञ असाच प्रयोग करताना वीज अंगावर येऊन मेला. हे सगळं मी रंगात येऊन सांगत होते, तेव्हा आजीने मध्येच तोडलं. “वीज ती वरची. घरात असती ती लाईट.” तिच्या भाषेत दोन शब्द आहेत आणि तिला ते दोनच हवेत. गावात दर वळवाला कुणाच्या तरी शेळ्या नाहीतर गडी वीज घेऊन जाते. घरातल्या बल्बला ती त्या नावाने हाक मारणार नाही.

साडेसातला समोरच्या घरातला दिवा गेला. मग सगळ्या गावाचे. आता आमचा प्रयोग प्रयोग राहिला नाही.

कंदील होता, काच तडकलेली. पण रॉकेल कुठलं? रेशनवर मिळायचं बंद झाल्याला किती वर्षं झाली. मामीने बांधून दिलेल्या करडईच्या तेलाची बाटली होती. वाटीत तेल, जुन्या धोतराची वात, आणि एवढ्यावर पिठलं-भाकरी. एका वातीच्या उजेडात सगळे आपोआप जवळ जवळ बसतात. हे छान वाटलं, कबूल करते. पण भांडी घासताना तो उजेड पुरला नाही, सकाळी बघितलं तर पातेल्याला पिठलं तसंच.

पाऊस थांबल्यावर माळवदावर अंथरुणं टाकली. वर एवढ्या चांदण्या की लेक पहिल्यांदा घाबरलीच. मग म्हणाली, “आबा, समजा ही गेलेली लाईट आलीच नाही. कधीच. तर?”

मामांनी हा प्रश्न नोकरीत हजारदा ऐकला असणार, फक्त शिव्यांसकट. ते सरळ सोलापूरपासून सुरू झाले. पहिल्या तासात माग बंद. पहिल्या रात्री कुणी झोपणार नाही, सगळं शहर गच्चीवर. दवाखान्यांत जनरेटर आहेत, पण त्यांना डिझेल लागतं आणि पेट्रोलपंपावरचा पंपही लाईटीवर चालतो. टॉवरच्या बॅटऱ्या काही तास. मग फोन नाही, म्हणजे फोनमधले पैसेही नाहीत. खिशात नोटा असतील तो शेठ. चौथ्या-पाचव्या दिवशी पाण्याचा दिवस येईल आणि पाणी येणार नाही. “तिथनं पुढं लोक गावाकडं निघतील.”

“मग गावात पणजीसारखं राहायचं,” लेक म्हणाली.

“कशानं?” मामा उठून बसले. मोटेचं पाणी काढायचं तर बैल हवेत. अख्ख्या आळीत आता एक जोडी आहे, तीही शर्यतीची. मोट शिवणारा माणूस नाही, नाडा वळणारा नाही. बाकीचे आड कोरडे पडले कारण पाणी पाचशे फुटांवर गेलं, आणि पाचशे फुटांच्या सहा इंची बोअरमध्ये बादली जात नाही. जातं आहे, पण त्याला टाकी लावणारा पाथरवट कुठून आणणार? गावात ज्याच्याकडे सौर पंप आहे तो राजा होईल आणि बाकीचे त्याच्या दारात घागरी घेऊन बसतील.

मी अंधारात ऐकत होते. माझ्या निबंधात, लेकीच्या निबंधात, सगळ्यांच्याच निबंधात वीज काढून घेतली की आपण मागे जातो : कंदील, बैलगाडी, शांतता. पण मागचं ते घर आपण पाडून त्याच्या विटा वापरून टाकल्यात.

लेकीने विचारलं, अख्ख्या जगातली एकदम जाऊ शकते का? १८५९ साली सूर्यावर मोठा उद्रेक झाला होता, तेव्हा तारायंत्राच्या काही कचेऱ्यांत बॅटऱ्या सोडवूनही नुसत्या तारेत आलेल्या विजेवर संदेश गेले. तेव्हा जगात तारायंत्राखेरीज फारसं काही विजेवर नव्हतं. १९८९ च्या मार्चमध्ये तसाच, पण लहान झटका कॅनडात क्वेबेकला बसला आणि साठेक लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. हे सांगून होईपर्यंत ती झोपली होती.

बाराच्या पुढे खाली मोटारसायकल थांबली. गावचा वायरमन, विशीतला पोरगा, चिखलाने भरलेला. “मामा, चिंचेची फांदी पडलीय लाईनवर. बॅटरी धरायला येताव का?” मामा उशाखालची बॅटरी घेऊन निघाले. आजी म्हणाली, “रिटायर झालायस न्हवं?” ते खाली पोचलेसुद्धा होते. मी माळवदाच्या कडेला बसून लांब दोन ठिपके हलताना बघत राहिले. सबस्टेशनला फोन करून लाईन बंद असल्याची खात्री, एबी स्विच, म्हणजे खांबावरचा लाईन तोडायचा स्विच, उघडणं, तारेला अर्थिंग टाकणं. एवढं झाल्याशिवाय खांबावर हात ठेवायचा नाही, हे मामांचं ब्रीद. त्यांच्या तीन सोबत्यांनी कधीतरी घाई केली होती. ती नावं मामा घेत नाहीत.

पावणेतीनला गावातले सगळे दिवे एकदम लागले. कुत्री भुंकली, कुठेतरी टीव्ही चालू राहिला होता तो जोरात बोलू लागला. आमचं घर तेवढं काळं. फ्यूज खिशात, खिसा मामांच्या अंगावर, मामा चिंचेखाली.

ते आल्यावर लेक जागी झाली आणि तत्त्वाला धरून म्हणाली, सहापर्यंत नाही. आजी काठी टेकत मीटरखाली जाऊन उभी राहिली. “तुमचा निबंद तिकडं गेला. घाल ते. मी चाळीस वर्सं काढली बिगरलाईटीची, अजून तीन तास कशापायी?”

घातला.

चौथा दिवस, सोमवार

दोघींनाही उठवेना. माझे खांदे गेले होते, लेकीच्या उजव्या तळव्यावर दोन फोड, खुंट्याचे. आजीने त्यावर हळद लावली आणि जरा समाधानाने बघितलं असं मला वाटलं.

परतीची गाडी संध्याकाळची, म्हणून मामांनी दक्षिणेकडे होटगीच्या बाजूने एक फेरी मारली. एनटीपीसीचं औष्णिक केंद्र बाहेरूनच बघायचं होतं, आत कोण सोडतंय. ज्वारीच्या सपाट काळ्या रानात ती धुराडी फार लांबून दिसू लागतात. ६६० मेगावॅटचे दोन संच, मिळून १३२०. मामांना एक आकडा पाठ आहे आणि तो सांगायला ते इथे आले होते : स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षाच्या अखेरीला सगळ्या देशाची मिळून क्षमता होती १३६२ मेगावॅट. म्हणजे तेव्हाचा अख्खा हिंदुस्थान जवळजवळ या एका कुंपणात मावला. माणशी वर्षाला सोळा-सतरा युनिट. आमच्या पुण्याच्या घरात, एसी लावला तर, दोन दिवसांचे.

दुसरी गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. जुलै २०१२ मध्ये ओळीने दोन दिवस ग्रिड, म्हणजे वीजकेंद्रांना आणि गावांना जोडणारं तारांचं जाळं, कोसळलं. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात गेला, साठ कोटींहून अधिक लोक. दक्षिण वाचली, कारण ती बाकीच्या देशाशी एका तालात जोडलेलीच नव्हती. ती जोडली गेली ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर ते सोलापूर अशा ७६५ केव्हीच्या, म्हणजे सात लाख पासष्ट हजार व्होल्टच्या, लाईनने. त्या दिवसापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच ठेका, सेकंदाला पन्नास आवर्तनं. इथली टर्बाईन मिनिटाला तीन हजार फेरे घेते, तशीच तिकडे तमिळनाडूतली, आणि लोड वाढला की दोघींनाही त्याच क्षणी जड जातं.

“गिरणीचा दांडा,” मी म्हटलं.

“तोच. फक्त देशाएवढा. आणि गाठ आपल्या सोलापुरात मारलीय,” मामा म्हणाले, आणि एवढ्या वर्षांत त्यांना गावाचा अभिमान वाटलेला मी पहिल्यांदा बघितला. चादरीच्या बाबतीतसुद्धा ते इतकं बोलत नाहीत.

घरी मामींनी डबा बांधून ठेवला होता. वर कागदाच्या पुडीत चार लिंबं. “खायला दिलीत,” त्या लेकीला म्हणाल्या.

गाडीत लेकीने फोन काढला आणि निबंध लिहायला घेतला. उजव्या हाताला फडकं, म्हणून डाव्या हाताच्या एका बोटाने. भिगवणपर्यंत तिचं चाललं होतं. पहिलं वाक्य मला वाचून दाखवलं : ‘आमच्या पणजीचे हात अजून जात्यासारखे गोल मिटतात.’ पुढचं वाचणार तेवढ्यात थांबली.

“आई, चार्जर दे ना. नऊ टक्के राहिलंय.”